जगाचा नागरिक घडतो इतिहासाच्या तासाला

शिक्षण कशासाठी द्यायचे, याचे उत्तर जगातल्या जवळपास सगळ्या देशांनी सही करून दिलेले आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली मंजूर केलेल्या बालहक्क करारातले २९वे कलम वाचून पाहावे. मुलाच्या मनात आई-वडिलांबद्दल, स्वतःच्या भाषा-संस्कृतीबद्दल, तो राहतो त्या देशाच्या मूल्यांबद्दल, त्याचे मूळ जिथले असेल त्या देशाच्या मूल्यांबद्दल आणि आपल्याहून वेगळ्या संस्कृतींबद्दल आदर वाढावा, असे ते सांगते. हे सगळे एकाच उपकलमात, एका दमात आले आहे. त्यात कुठे ‘आधी हे, मग ते’ नाही आणि एकासाठी दुसरे सोडा, असेही नाही.

तरीही जागतिक नागरिकत्वाचे शिक्षण, म्हणजे आपल्या देशापलीकडच्या माणसांची आणि प्रश्नांचीही जबाबदारी मानायला शिकवणे, म्हटले की लोक दोन बाजूंना उभे राहतात. मुलांना जगाचे नागरिक करायला निघालात तर त्यांना देशाबद्दल काही वाटेनासे होईल, अशी एका बाजूला धास्ती. राष्ट्र ही कल्पनाच जुनी झाली, हवामानबदल आणि साथीचे रोग सीमा पाहून येत नाहीत, मग मुलांना सीमांत का कोंडायचे, असा दुसऱ्या बाजूचा सवाल. माणसाजवळ निष्ठेचा साठा ठरावीक असतो, तो जगाला दिला की देशाचा तेवढा कमी होतो, हे मात्र दोन्ही बाजूंनी न तपासता गृहीत धरलेले असते. भावंडांवर जीव असलेल्या माणसाचे गावावर प्रेम कमी असणार, असे आपण कधी म्हणत नाही.

हा विषय शाळांच्या दारात आला तो वरून. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस बान की-मून यांनी शिक्षणविषयक मोहीम सुरू केली. तिच्या तीन उद्दिष्टांपैकी एक जागतिक नागरिकत्व होते. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ४.७ या क्रमांकाने ते आले. १९७४ची युनेस्कोची शिक्षणविषयक शिफारस २०२३ मध्ये नव्याने लिहिली गेली, तेव्हा तिच्या नावातही हे शब्द आले. आता अनेक अभ्यासक्रमांत या नावाचा एखादा घटक असतो, एखादा दिवस साजरा होतो, भिंतीवर झेंड्यांचा तक्ता लागतो. मुलाच्या विचार करण्याच्या पद्धतीवर याचा ओरखडाही उमटत नाही. कारण ही गोष्ट वेगळ्या पुस्तकातून, वेगळ्या तासाला शिकवली की पोकळ होते. ती स्वतःच्या देशाच्या इतिहासाच्या, नागरिकशास्त्राच्या, विज्ञानाच्या तासालाच शिकवावी लागते. राष्ट्रीय ओळख तिच्या आड येत नाही. ती ओळख नसेल तर जागतिक नागरिकत्वाला पाय ठेवायला जागाच उरत नाही.

आधी कायद्याच्या बाजूने पाहू. जागतिक नागरिकत्व देणारे कार्यालय कुठेही नाही. पासपोर्ट देश देतो, मताचा हक्क देश देतो, अन्याय झाला तर पहिली दाद देशाच्याच न्यायालयात मागायची असते. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात १५वे कलम प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क देते, ते उगीच नव्हे. रशियन क्रांतीनंतर देश सोडून गेलेल्या लाखो लोकांचे नागरिकत्व नव्या सरकारने काढून घेतले. त्यांच्यासाठी नॉर्वेचे मुत्सद्दी फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या पुढाकाराने १९२२ मध्ये राष्ट्रसंघाच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेच्या, छत्राखाली एक ओळखपत्र तयार झाले, तोच नान्सेन पासपोर्ट. त्यामुळे सीमा ओलांडणे शक्य झाले, पण मत देता येत नव्हते आणि पाठीशी उभे राहणारे सरकारही मिळाले नाही. ज्यांना कुठलाच देश नाही, तीच माणसे खऱ्या अर्थाने फक्त जगाची असतात आणि सगळ्यांत असहायही तीच असतात. नागरिकशास्त्राच्या तासाला हा प्रसंग नीट मांडला, तर आपल्या नागरिकत्वाचे मोल आणि ते नसलेल्या माणसाबद्दलचे कर्तव्य या दोन्ही गोष्टी मुलांना एकाच वेळी कळतात.

मग जगाचे प्रश्न सुटतात कसे? ओझोनचा धडा बहुतेक विज्ञानाच्या पुस्तकांत असतो. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी शीतकरणात व फवाऱ्यांत वापरली जाणारी क्लोरोफ्लुरोकार्बन रसायने ओझोन नष्ट करतात, असे दाखवले. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट प्रसिद्ध केली आणि १९८७ मध्ये या रसायनांचा वापर घटवण्यासाठी माँट्रियल करार झाला. पुस्तक बहुधा इथे थांबते : जग एकत्र आले, संकट टळू लागले. नागरिकत्व शिकवण्याजोगा भाग तर इथूनच सुरू होतो. भारत आणि चीन सुरुवातीला कराराबाहेर राहिले. ओझोनच्या थराची हानी प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या वापरामुळे झाली, मग नव्या तंत्रज्ञानाचा खर्च आम्ही का उचलायचा, असा त्यांचा मुद्दा होता. विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत मूळ करारात होती. पैशाची सोय नव्हती. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत विकसनशील देशांच्या या खर्चासाठी बहुपक्षीय निधी ठरला. चीन १९९१ मध्ये आणि भारत १९९२ मध्ये करारात आला आणि पुढे संयुक्त राष्ट्रांचे सगळे सदस्य देश त्यात सामील झाले.

वर्गात इथे थांबून विचारावे : बाहेर राहिलेल्या देशांनी जगाचे नुकसान केले की करार न्याय्य केला? दोन्ही उत्तरांना पुरावा आहे. मुले त्यावर भांडू लागली की राष्ट्रहित आणि जगाचे हित ही दोन वेगळी कपाटे नाहीत, हे त्यांचे त्यांनाच दिसते. कोणत्या देशाने काय मागितले, काय सोडले, पैसे कोणी दिले, हे वगळून ‘जग एकत्र आले’ असे सांगणे म्हणजे मुलांना परीकथा सांगणे आहे, आणि मोठे झाल्यावर त्यांचा त्या कथेवरचा विश्वास उडणार, हे ठरलेलेच.

या सगळ्याची खरी कसोटी मात्र इतिहासाच्या तासाला लागते. दोन शेजारी देशांतल्या एखाद्या युद्धाचा किंवा सीमा-कराराचा धडा घ्या. त्याला पाच तासिका लागतात. पहिल्या तासिकेत आपल्याच पुस्तकातला दीड-दोनशे शब्दांचा उतारा मुलांच्या हाती द्यायचा आणि तीन रंगांच्या रेघा मारायला सांगायच्या. तारीख, ठिकाण, आकडा अशा तपासता येणाऱ्या गोष्टींखाली एक रंग, कोणी काय केले हे सांगणाऱ्या क्रियापदांखाली दुसरा, मत लपवून आणणाऱ्या विशेषणांखाली तिसरा. एकाच पानावर आपले सैन्य प्रदेश ‘मुक्त करते’ आणि समोरचे तसाच प्रदेश ‘बळकावते’, हे रंग दिसले की मुलांच्या लगेच लक्षात येते. ‘गावे जळाली’ या वाक्यात जाळणारा कोण ते येत नाही, हे मात्र शिक्षकाला विचारावे लागते.

दुसऱ्या तासिकेत शेजारी देशाच्या पुस्तकातला त्याच घटनेचा उतारा भाषांतर करून द्यायचा आणि त्याच तीन रंगांनी तपासायचा. तिसऱ्या तासिकेत चार-चार जणांचे गट करून मोठ्या कागदावर तीन रकाने आखायचे : दोन्हींत असलेले, फक्त आपल्या पुस्तकात असलेले, फक्त त्यांच्या पुस्तकात असलेले. चौथ्या तासिकेला तिसरा पुरावा पुढे येतो : करारनाम्याची मूळ कलमे, त्या वर्षीचा नकाशा, एखादे सरकारी पत्र. पाचव्या तासिकेत प्रत्येकाने दीडशे शब्दांचा उतारा लिहायचा, दोन्ही देशांतल्या विद्यार्थ्याला तथ्य म्हणून मान्य होईल असा. त्याखाली दोन ओळी : कशावर एकमत होत नाही आणि का.

हा धडा बिघडतो तो ठरावीक ठिकाणी. वेळ अपुरा पडला की चौथी तासिका गळते आणि वर्ग ‘ज्याचे त्याचे सत्य’ या निष्कर्षावर येऊन थांबतो. न शिकवलेले परवडले, इतका हा निष्कर्ष घातक आहे, कारण पुरावा शोधायची गरजच तो संपवतो. कधी शिक्षक शेजाऱ्याच्या पुस्तकातला मुद्दाम सर्वांत भडक उतारा निवडतात, म्हणजे वर्गाला हसता येते. कधी उलटे घडते. परक्या पुस्तकातले नवे आहे म्हणून मुले तेच खरे मानतात आणि आपल्या पुस्तकातले सगळेच खोटे ठरवतात. दोन्ही उताऱ्यांना तेच तीन रंग सक्तीने लावणे हाच त्यावर उपाय. आणि एक चूक अशी की, तिने मुलाला कायमची इजा होऊ शकते. वर्गात त्या दुसऱ्या देशाशी, धर्माशी किंवा भाषेशी नाते असलेले एखादे मूल असते आणि शिक्षक भाबडेपणाने म्हणतात, ‘तू सांग बरं, तुमच्याकडे काय मानतात?’ त्या क्षणी ते मूल विद्यार्थी राहत नाही, आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते. असा प्रश्न कुणा एका मुलाला कधीही विचारू नये.

ही कल्पना नवी नाही. एका देशाच्या पुस्तकात दुसऱ्याबद्दल आलेला चुकीचा मजकूर दाखवून दुरुस्ती मागावी, अशी व्यवस्था राष्ट्रसंघाच्या काळात १९२५च्या कासारेस ठरावाने सुचवली होती. ती ऐच्छिक होती, तिचा जोर पडला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये इतिहासकार गेऑर्ग एकर्ट यांनी पाठ्यपुस्तकांच्या तुलनेचे काम संस्थेच्या रूपाने उभे केले आणि जर्मन-पोलिश पाठ्यपुस्तक आयोग १९७२ पासून काम करू लागला, तोही शीतयुद्ध चालू असताना. फ्रान्स आणि जर्मनीने तर एकच पुस्तक दोन भाषांत काढले. २००३ मध्ये दोन्ही देशांच्या युवकांच्या संसदेने मागणी केली आणि २००६, २००८, २०११ असे तीन खंड आले. तीन वेळा एकमेकांशी मोठी युद्धे लढलेल्या या दोन देशांच्या लेखकांत मतभेद उफाळला तो आपसातल्या युद्धांवरून कमी आणि १९४५ नंतरच्या जगातल्या अमेरिकेच्या भूमिकेवरून जास्त, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुन्या जखमेवर दोन-तीन पिढ्या अभ्यास झाला की ती सर्वांत अवघड जागा राहत नाही.

पण त्या पुस्तकाचा प्रत्यक्ष वापर मर्यादित राहिला आणि त्याचे कारण भावनिक नव्हते. जर्मनीत शिक्षण हा १६ राज्यांचा विषय आहे. प्रत्येकाचा अभ्यासक्रम वेगळा, फ्रान्सचा केंद्रीय आणि परीक्षेशी घट्ट बांधलेला. कोणत्या वर्षी काय शिकवायचे तेच जुळत नाही, तिथे चांगले पुस्तकही कपाटात राहते. म्हणून संयुक्त पुस्तकाच्या मागे लागण्यापेक्षा प्रत्येक देशाच्या चालू पुस्तकात एका धड्यामागे शेजाऱ्याचा एक उतारा आणि एक मूळ कागद जोडणे जास्त उपयोगाचे. प्रत्येक धड्याची चार-पाच पाने वाढतात, अभ्यासक्रम मोडावा लागत नाही.

वर्तमानातले प्रश्न शिकवताना वेगळाच घोळ होतो. मोबाइलच्या बॅटरीतल्या कोबाल्टचा विषय शिक्षकांच्या आवडीचा आहे. जगातले निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येते आणि तिथल्या हाताने खोदल्या जाणाऱ्या लहान खाणींत मुलेही राबतात, हे नोंदवले गेले आहे. चित्रफीत दाखवली जाते, वर्ग गलबलतो, मदतनिधी गोळा होतो आणि विषय संपतो. शिक्षणाच्या अभ्यासक व्हेनेसा आंद्रेओत्ती यांनी २००६ मध्ये सौम्य आणि चिकित्सक जागतिक नागरिकत्व असा जो फरक मांडला, तो नेमका इथे लागू पडतो. सौम्य प्रकारात दया दाखवणारा वर जातो, ज्याच्यावर दया दाखवली तो खालीच राहतो आणि व्यवस्था जशीच्या तशी चालू राहते.

याऐवजी वर्गाने चार प्रश्न लावून धरावेत. खाणीवर नियम कोणाचा? माल विकत घेणाऱ्या कंपनीवर नियम कोणाचा? तक्रार कुठे करता येते? आणि आपल्या देशाच्या हातात यातले काय आहे? उत्तरे शोधताना मुले काँगोचा खाणकायदा, कंपन्यांचे पुरवठादार, आपल्या देशाची आयात अशी पायरी-पायरीने चढतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये बॅटऱ्यांसाठी नियमावली केली. कच्चा माल कुठून, कसा आला हे तपासण्याची जबाबदारी तिने कंपन्यांवर टाकली. पुढे त्या तपासणीची सुरुवात दोन वर्षांनी, २०२७ पर्यंत, पुढे ढकलली गेली. कायदा होतो, मग ढिला पडतो, कारण कुणीतरी दबाव आणतो. आणि दबाव उलट बाजूनेही आणता येतो, तो आपल्या लोकप्रतिनिधीमार्फत. हे जाणणारे मूल निधी गोळा करणाऱ्या मुलापेक्षा काँगोतल्या मुलाच्या जास्त उपयोगी पडेल. आणि तो उपयोग ते आपल्या देशाचे नागरिक म्हणूनच करू शकेल.

विरोधकांची एक तक्रार मात्र रास्त आहे आणि तिला टाळून पुढे जाता येत नाही. ‘जागतिक नागरिक’ हा शब्द अनेक ठिकाणी महागड्या शाळांची जाहिरात झाला आहे. परदेश सहल, अभिरूप संयुक्त राष्ट्रसभा, सफाईदार परकी भाषा. ज्याचा पासपोर्ट शंभराहून अधिक देशांत व्हिसाविना चालतो, त्याला सीमा नाहीशा झाल्यासारख्या वाटतात. ज्याला व्हिसाच्या रांगेत महिनोन् महिने थांबावे लागते, त्याला त्या रोज दिसतात. अभिरूप सभेत मुले टाय लावून दुसऱ्या देशाची बाजू मांडतात, हे चांगलेच. पण त्या देशाचे नाव चिठ्ठीवर येते, माहिती आदल्या रात्री गोळा होते आणि बक्षीस मिळते वक्तृत्वाला. तीच सभा सामान्य शाळेत कमी खर्चात आणि जास्त खोलवर होऊ शकते : एका देशाला तीन आठवडे द्या, त्याची निर्यात, कर्ज, शेजारी, मागच्या मतदानांतली भूमिका यांवर लेखी टिपण मागा आणि गुण टिपणाला द्या.

गुणांचा विषय निघालाच आहे, तर मोजणीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. ४.७ या उद्दिष्टाचा जागतिक निर्देशक धोरण, अभ्यासक्रम, शिक्षक-प्रशिक्षण आणि मूल्यमापन यांत हा विषय कितपत आला आहे ते पाहतो, आणि माहिती सरकारेच भरून देतात. म्हणजे मोजला जातो तो कागद. २०१८च्या पिसा या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत जागतिक क्षमतेची परीक्षा २७ देशांनी व प्रदेशांनी घेतली. बाकीच्या अनेकांनी ती टाळली. त्यातली प्रश्नावली विद्यार्थ्यालाच विचारते की तू इतरांचा किती आदर करतोस. या प्रश्नाला शहाणे मूल काय उत्तर देईल, हे सांगायला संशोधक लागत नाही. देशप्रेम असो की विश्वबंधुत्व, भावनेला गुण दिले की ढोंग वाढते. म्हणून गुण कृतीला द्यावेत. दहा गुणांच्या प्रश्नात तीन तथ्यांच्या अचूकतेला, तीन परस्परविरोधी साधने वापरल्याबद्दल, दोन समोरच्याची बाजू त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडण्याला, दोन ‘काय, कोणी, कोणत्या अधिकाराने करावे’ या उत्तराला. विद्यार्थ्याने शेवटी कोणती बाजू घेतली, याला शून्य.

हे सगळे शेवटी एका शिक्षकावर येऊन पडते आणि त्याला आपण एकटे सोडतो. शेजारी देशाचा उतारा वर्गात वाचला म्हणून पालकांचा जमाव दारात येईल, ही भीती खोटी नाही. यावर सर्वांत कामाचा तोडगा १९७६ साली जर्मनीतल्या बॉयटेल्सबाख या गावी झालेल्या परिषदेतून निघाला. शालेय राजकीय शिक्षणावरून तिथल्या पक्षांत आणि राज्यांत तेव्हा टोकाचे भांडण होते. त्यातून तीन नियम वर आले. शिक्षकाने विद्यार्थ्यावर मत लादायचे नाही. अभ्यासकांत आणि राजकारणात जे वादग्रस्त आहे, ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचे. आणि विद्यार्थ्याला परिस्थितीतले स्वतःचे हित ओळखून त्यावर परिणाम घडवता येईल, इतके सक्षम करायचे. याचा अर्थ सगळेच वादग्रस्त, असा नाही. तापमानवाढ माणसामुळे होते आहे, अमुक नरसंहार घडला, सर्व माणसांची प्रतिष्ठा समान आहे, या गोष्टींना वर्गात दोन बाजू नसतात.

शिक्षण खात्याने हे तीन नियम एका पानाच्या परिपत्रकात आणावेत. त्यात कोणते धडे तुलनेने शिकवायचे, कोणते उतारे मंजूर आहेत, पालकांची हरकत आली तर ती कुणाकडे नोंदवायची आणि उत्तर किती दिवसांत द्यायचे, हे नावानिशी असावे. नियम पाळणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी खाते उभे राहील, हे वाक्य त्यात असलेच पाहिजे. आणि ते परिपत्रक सत्र सुरू होण्याआधी पालकांच्या हातात पडायला हवे. तक्रार आल्यावर काढलेले परिपत्रक शिक्षकाला वाचवत नाही.